खरवडलेला चौकोन

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ सप्टेंबर १९७८

ती. आक्कास,

शिवमूर्तीचे शरणार्थ. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घातलं नसलंस, तर आत्ता मल्लू ते वाचत असेल. मल्लू, सावकाश वाच. आई मध्येच "पुरे" म्हणाली तरी थांबू नकोस.

दोन वर्षं झाली. सुमंगला मल्लूसाठी द्यायची नाही म्हणून मी तुझ्या घरी सांगायला आलो होतो. भावाची मुलगी मागणं हा आपल्यात बहिणीचा हक्क, आणि मी "तिला अजून शिकायचंय" म्हणालो. तू म्हणालीस, "पोरगी देनार नसशील तर पानी पिऊन नीघ." मी पाणीसुद्धा न पिता निघालो. आपण दोघंही हट्टी, त्यामुळे दोन वर्षं कशी गेली कळलं नाही, असं लिहिणार होतो. पण कळली. चांगली कळली. असो, सुमंगला आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे मी काही खोटं बोललो नव्हतो.

आज काम तुझ्या धाकटीचं, गंगूचं आहे. तिच्या कानांचा मी नीट अभ्यास करायला घेतलाय. वीस वर्षं या पेठेत बसून पैलवानांचे निखळलेले खांदे बसवले आणि पोरांना खोकल्याचं लाल औषध पाजलं. माझ्याबरोबर शिकलेले मुंबईत मोठाले प्रोफेसर झाले, त्यांची नावं छापून येतात. ते जाऊ दे. मला एवढंच हवंय, की आपल्या माणसांत जन्मापासून ऐकू न येणारे कोण कोण झाले ते मामांना विचारून कळव. आज्जीचा भाऊ, मुका कल्लाप्पा, मला आठवतो. निंगव्वा मावशीचे धाकटे दोघे मुलगे आहेतच. त्याच्या मागचं मामांनाच ठाऊक असेल. कोणाचं लग्न नात्यातल्या कोणाशी झालं तेही लिहा.

आणि दिवाळीनंतर गंगूला घेऊन मिरजेला ये. तिथे कान तपासायचं नवं यंत्र आहे. मी स्टँडवर थांबतो.

मामांना नमस्कार सांग. तुझे यजमान झाले तरी ते आधी माझे मामा आहेत. माझं नाव घरात काढायचं नाही असं त्यांनी ठरवलं असेल, तरीही सांग.

तुझा भाऊ,
शिवमूर्ती


कोल्हापूर
१६ नोव्हेंबर १९७८

ती. आक्कास शरणार्थ,

हलकर्णीला नीट पोचलात हे मल्लूच्या कार्डावरून कळलं. शेंगापोळ्या सगळ्यांनी मिळून संपवल्या. तुझी भावजय म्हणाली, वन्सं रागावल्या तरी हात आखडत नाहीत.

मिरजेचा रिपोर्ट आला. गंगू त्या काचेच्या खोलीत कानावर यंत्र लावून बसली होती, आठवतं? मध्येच ती हसली, आणि तू बाकावरून उठून उभी राहिलीस. तुला वाटलं तिला ऐकू आलं. आक्का, ते यंत्र अगदी जाड आवाजाला थरथरतं, त्याच्या गुदगुल्या झाल्या होत्या तिला. तेव्हा मी हे बोललो नाही. तू डोळे पुसत होतीस.

नंतर स्टँडवर तू विचारलंस, "शिवू, पोरीला कदी ऐकू येनार रं?"

मी म्हणालो, "सगळे कागद वर पाठवतोय."

"वर म्हंजे? ममईला?"

"व्हय."

यात खोटं काही नाही. कागद मुंबईलाच जाणार आहेत. पण मल्लूनं कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, की मुंबईहून औषध येईपर्यंत तू गोड सोडलंस आणि वीरभद्राला तसं बोललीस. गोड सोडू नकोस गं. एवढं काही नाही. म्हणजे आहे, पण तू समजतेस तसं नाही. मला तिथेच नीट सांगायला हवं होतं. पण तू दोन वर्षांनी फडकं सोडून मला भाकरी वाढत होतीस, आणि मला भूक लागली होती.

मामांनी सांगितलेली नावं फार उपयोगी पडली. इतकं मागचं त्यांच्या लक्षात आहे, मी थक्क झालो.

तुझा भाऊ,
शिवमूर्ती


कोल्हापूर
२० जानेवारी १९७९

ती. आक्कास शरणार्थ,

तू विचारलंस, "त्यो कागद म्हंजे नेमकं काय, आनि त्यात मी कुटं हाय?" सांगतो.

कागद म्हणजे लेख. डॉक्टरांचं एक मासिक मुंबईहून निघतं, त्यात छापायचा. आधी तो संपादकांकडे जातो, ते एका जाणकाराला वाचायला देतात, त्याला पटला तर छापतात. छापून आला की देशभरचे डॉक्टर वाचतील. मग कोणाला काही सुचलं तर सुचलं.

तीन प्रती पाठवायच्या, दोन ओळींत अंतर सोडून, डावीकडे मोठा समास ठेवून. दत्तोपंत म्हणून कोर्टातले जुने टंकलेखक आहेत, त्यांच्याकडून टाइप करून घेतोय. त्यांना ही मोकळी जागा बघवत नाही. "डॉक्टर, एवढ्यात दोन खरेदीखतं बसली असती," असं रोज म्हणतात. नात्यातल्या लग्नाला इंग्रजीत जो शब्द आहे त्यात त्यांचं बोट दर वेळी अडकतं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे सगळं कुटुंबच अडकलंय, तुमच्या बोटाचं काय घेऊन बसलात.

लेखात आपल्या घराण्याचं एक चित्र आहे. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. ज्याला ऐकू येत नाही त्याचा आकार शाईनं काळा भरायचा. नवरा-बायको नात्यातले असले की मधे एकाऐवजी दोन रेघा. तुझ्या आणि मामांच्या मधे दोन रेघा आहेत, चांगल्या ठळक. हे चित्र सयाजी पेंटरनं काढलं. तो एरवी कुस्त्यांचे आणि फुटबॉलच्या मॅचचे फलक रंगवतो. चित्र पुरं झाल्यावर लांबून बघत म्हणाला, "डाक्टर, ह्ये टूर्नामेंटच्या लॉट्सगत दिसतंय की. फायनलला कोन आलंय?" मी सगळ्यात खालच्या काळ्या वर्तुळावर बोट ठेवलं. ती गंगू.

तुझ्या शेजारी त्यानं मलाही काढलं होतं. त्याचे चौकोन जरा मोठेच येतात. चित्रात नाव कोणाचंच नाही, गावाचंही नाही, तेव्हा काळजी करू नकोस. ओळखू येण्यासारखं काही ठेवलेलं नाही.

सुमंगलेला पाहायला सांगलीचे पाहुणे येऊन गेले. मुलगा डॉक्टर आहे, वडीलही डॉक्टर. आपल्यातलेच, पण नात्यातले नाहीत. अजून काही ठरलेलं नाही, म्हणून कोणाला बोलू नकोस. मल्लूला वाईट वाटेल असं मी लिहायला नको होतं. पण तोच वाचतोय, आणि लिहिलेलं खोडलं तर त्याला जास्त वाटेल.

तुझा
शिवमूर्ती


कोल्हापूर
९ मार्च १९७९

ती. आक्कास शरणार्थ,

तुझं पत्र आणि संपादकांचं पत्र एकाच दिवशी आलं.

आधी संपादकांचं सांगतो. ज्यांनी लेख वाचला त्यांना तो आवडलाय. त्यांनी काही प्रश्न विचारले. एक गंगूच्या डोळ्यांबद्दल होता, बहिरेपणाबरोबर कधी कधी नजरही जाते म्हणून. गंगूची नजर तर घारीसारखी आहे, तसं मी कळवलं. बाकीचे दोन प्रश्न किरकोळ होते. त्यांची उत्तरं त्याच संध्याकाळी टाइप करून पाठवली.

आता तुझं. मल्लूचं ठरलं, निंगव्वा मावशीच्या नातीशी, कस्तुरीशी. बसवजयंतीच्या पुढच्या सोमवारी. अभिनंदन. कस्तुरी गुणाची पोर आहे, मी तिला लहानपणी पाहिलीय. तू लिहितेस, "भावानं दिली न्हाय, म्हनून काय माज्या लेकाला घरातली पोरगी मिळत न्हाय व्हय?" हे तू माझ्यासाठीच लिहायला लावलंस, ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

एक सहज विचारतो. मल्लूची शाळेतली नोकरी अजून कायम झालेली नाही ना? मग वर्षभर थांबलं तर चालणार नाही का? नात्याबाहेरची एखादी स्थळं बघितली होती का? निपाणीकडे चांगली घरं आहेत. मी मोडता घालतोय असं मनात आणू नकोस. ज्यानं स्वतःची मुलगी दिली नाही त्याला असं विचारायचं तोंड नाही, हे मला कळतं. म्हणून नुसतं विचारतोय.

नाही तर राहू दे. मी काही बोललो नाही असं समज. लग्नाला आम्ही सगळे येऊ.

शिवमूर्ती


कोल्हापूर
६ एप्रिल १९७९

ती. आक्का,

मल्लू आणि गंगू बस्ता घेऊन पोचले असतील. महाद्वार रोडवर गंगूनं स्वतःसाठी हिरव्या खणाचा हट्ट धरला, तो मी घेऊन दिला. पैशांचं काही काढू नकोस.

लेख मासिकानं स्वीकारला. सप्टेंबरच्या अंकात येईल. दवाखान्यात पेढे वाटले.

गंगूच्या उजव्या हातावर वळ दिसला असेल. घाबरू नकोस. छपाईसाठी पाठवायचं चित्र माझ्या टेबलावर होतं. तिनं त्यावर पेन चालवलं, आणि माझा हात उठला. थोडा जोरात लागला असेल. चित्र सयाजीकडून पुन्हा काढून घेतलं, आता पाठवलंही. पोर रडली नाही. मल्लूही काही बोलला नाही. घरी काय बोलला ते मला कळवू नकोस.

शिवमूर्ती


कोल्हापूर
२१ एप्रिल १९७९

आक्का,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. यात मल्लूबद्दल आहे, आणि ते त्याच्याच तोंडून तुला वाचून दाखवायला लावण्याइतका मी अजून घसरलेलो नाही. उद्या रविवार आहे. सकाळच्या एस.टी.नं येतो आणि मीच वाचून दाखवतो. लिहून अशासाठी आणतोय, की तुझ्यासमोर उभा राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि मी "बघू", "पाठवतोय", "वर" असलं काहीतरी बोलून सुटतो. या वेळी कागदावर आहे ते सगळं वाचायचं, असं मी स्वतःला बजावलंय.

पहिली गोष्ट. मुंबईहून औषध येणार नाही. तसलं औषधच नाही. गंगूला ऐकू येणार नाही, आत्ताही नाही आणि पुढेही नाही. हे मला मिरजेच्या आधीपासून ठाऊक होतं. मिरजेचा रिपोर्ट मला लेखात घालायला हवा होता, म्हणून तुम्हाला तिकडे बोलावलं. तू वीरभद्राला बोललीस ते माझ्यामुळे, आणि मी तुला नुसतं "गोड सोडू नकोस" म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट. हा बहिरेपणा कशानं येतो ते लेखात लिहिलंय. दोष आईकडूनही आला आणि बापाकडूनही आला तरच तो मुलात उघडा पडतो. एकाकडून आला तर माणूस धडधाकट असतो, फक्त दोष बाळगून असतो. आपल्यात तो आज्जीच्या माहेरून आला. कल्लाप्पा तिचाच भाऊ. आपली अव्वा, निंगव्वा मावशी आणि मामा ही आज्जीचीच मुलं. तुला दिली मामांना, म्हणजे तो दोन्हीकडून एकत्र आला आणि गंगूत उतरला. यात तुझी चूक नाही, मामांचीही नाही. तुमचं लग्न ठरलं तेव्हा कोणालाच हे ठाऊक नव्हतं, आणि मी लग्नात लाडू खात होतो.

मल्लूला ऐकू येतं, पण तो दोष त्याच्यातही बहुधा आहे. कस्तुरीचे दोघे काका मुके, तेव्हा तिच्यातही असण्याचा संभव मोठा. दोघांत असला तर त्यांच्या दर चार मुलांत एक गंगूसारखं निघेल. नशिबानं एकही निघणार नाही, किंवा दोन निघतील. तेच मल्लूनं बाहेरची मुलगी केली तर जवळजवळ काहीच भीती नाही. इतकं सोपं आहे. चार वाक्यांत सांगून झालं. हे मी तुला तेव्हाच तुझ्या घरच्या पुढच्या सोप्यात बसून सांगू शकलो असतो. सुमंगला द्यायची नाही याचं खरं कारण हेच होतं. पण "आपल्या रक्तात दोष आहे" म्हणायची लाज वाटली, आणि शिक्षणाचं कारण चांगलं दिसत होतं. माझ्या पोरीला मी त्या कारणाआड नेऊन ठेवलं, आणि मावशीची नात त्याच वाटेनं येताना दिसली तर मी तुला अभिनंदन लिहून पाठवलं.

तिसरी गोष्ट सांगायला सगळ्यात जड आहे. मार्चमधले ते दोन प्रश्न किरकोळ नव्हते.

एक असा होता, की या कुटुंबाला नात्यातल्या लग्नाचा धोका समजावून सांगितला आहे का? मी लिहिलं, सांगितला आहे. दत्तोपंतांनी ते टाइप केलं. त्याच दिवशी तुझं लग्नाचं पत्र माझ्या खिशात होतं. आक्का, जे मी साऱ्या देशाला इंग्रजीत सांगायला निघालो ते माझ्या सख्ख्या बहिणीला मराठीत सांगितलं नाही, आणि वर सांगितलं म्हणून लिहून दिलं.

दुसरा प्रश्न असा होता, की चित्रात मुलीची आई एकटीच दिसते, तिला भावंडं नाहीत का?

सयाजीनं तुझ्याशेजारी माझा चौकोन काढला होता हे मी तुला कळवलं होतं. पुढचं कळवलं नव्हतं. सांगलीच्या पाहुण्यांच्या घरी हे मासिक येतं. लेखावर माझं नाव, आणि चित्रात "लेखक हा मुलीचा मामा" असं आलं असतं तर त्यांना कळलं असतं, की हे घराणं आमचंच आहे. म्हणून सयाजीला ब्लेडनं तो चौकोन खरवडायला लावला. तो म्हणाला, "डाक्टर, हात फिरवला की कळतंय बगा, हितं कायतरी हुतं म्हनून." आणि त्या प्रश्नाला मी उत्तर लिहिलं, की मुलीच्या आईला भाऊ-बहीण कोणी नाही.

सुमंगलेला बाहेर दिली तर तिच्या मुलांना काहीही धोका नाही, हे माझ्याच लेखात माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. म्हणजे मी पोरीसाठी केलं असंही म्हणता येत नाही. पाहुण्यांसमोर मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी तुला बिनभावाची केली.

आता गंगूचं. मी लिहिलं तिनं चित्रावर पेन चालवलं. काय चालवलं ते लिहिलं नाही. मल्लूनं माझं जानेवारीचं पत्र वाचून तिला खुणांनी सगळं समजावलं असणार, कारण तिनं चित्र बघताच स्वतःचं काळं वर्तुळ ओळखलं आणि छातीवर हात मारला. मग मामांचा चौकोन. मग तुझं वर्तुळ. तुझी खूण म्हणून नाकातली मोरणी दाखवली. मग माझ्याकडे बघत गळ्यापाशी बोट नेऊन डॉक्टरची नळी दाखवली, आणि मला चित्रात शोधायला लागली. तुझ्या शेजारी बोट फिरवलं तेव्हा तिला ती खरबरीत जागा लागली. तिनं पुन्हा बोट फिरवलं. मग माझंच पेन घेऊन तिथे एक चौकोन काढला, वाकडा, एक बाजू लांब. आणि काढून झाल्यावर हसून माझ्याकडे बघितलं.

त्या हातावर मी मारलं.

मल्लू दारात उभा होता. त्यानं तिला उचललं आणि माझ्या पाया पडून गेला. पाया पडला नसता तर बरं झालं असतं.

हे वाचून झालं की तू काय म्हणशील ते म्हण. मी मध्ये बोलणार नाही.

शिवू


कोल्हापूर
१४ जुलै १९७९

ती. आक्का,

एप्रिलनंतर तुझं पत्र नाही. मल्लूचं एक कार्ड आलं, त्यात पावसाचं आणि शाळेचं होतं. खाली एक ओळ होती, "आईनं पुन्हा गोड खायला सुरवात केली." ती ओळ वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तू गोड खाऊ लागलीस म्हणजे तू आशा सोडलीस.

त्या रविवारी काय झालं ते तुला सांगायला नको. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. मी वाचून संपवलं तेव्हा मामा आधी ओरडले, "ममईच्या लोकास्नी सांगितलंस आनि आमास्नी न्हाय?" ते मला सोसलं. शिव्या दिल्या त्याही सोसल्या. तू मात्र पायरीवर बसलीस. मग एवढंच विचारलंस, "त्या कागदावर माज्या शेजारी कोन हाय म्हनलास?"

"कोन न्हाय."

"भाऊ न्हाय?"

"न्हाय."

तू उठून आत गेलीस, तांब्याभांडं आणलंस, माझ्यापुढे ठेवलंस, आणि पदर सारखा करून म्हणालीस, "घ्या पावणं, पानी घ्या. लांबनं आलासा."

आक्का, रस्त्यात वाट विचारणाऱ्या माणसालाही आपल्याकडे पावणंच म्हणतात. तू मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलीस, शिव्या घातल्यास, चिंचेच्या फोकानं मारलंस. अहोजाहो कधी केलं नव्हतंस. मी ते पाणी प्यालो. इतकं जड पाणी मी कधी प्यालो नाही.

मल्लू तिथून उठून थेट मावशीकडे गेला, हे मला नंतर कळलं. त्यानं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, माझं नाव मध्ये न आणता. मावशीचं घर तुमच्याशी बोलेनासं झालं हेही कळलं. ते माझ्याशी बोलेनासे व्हायला हवे होते. कस्तुरीचं जूनमध्ये निपाणीला लग्न झालं, परक्या घरात. ते ऐकून मी खुर्चीत नुसता बसून राहिलो. पेशंट बाहेर खोकत होते.

सांगलीच्या पाहुण्यांना मी तुझ्याकडून आल्यावर लगेच सगळं लिहिलं. गंगू माझी सख्खी भाची आहे, लेखातलं घराणं माझंच आहे, आणि सुमंगलेला काही धोका का नाही, तेही. त्यांचं उत्तर पंधरवड्यानं आलं. अगदी सभ्य पत्र. मुलाला अजून शिकायचंय, म्हणून तूर्त लग्नाचा विचार नाही, असं लिहिलंय.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझंच वाक्य, आक्का. तुझ्या सोप्यात मी म्हणालो होतो तेच. सुमंगलेनं पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि म्हणाली, "बाबा, आत्याला असंच वाटलं असेल, नाही?" ती माझ्यावर रागावलीय, पण स्थळ गेलं म्हणून नाही. तिला मल्लूशी लग्न करायचं नव्हतंच, पण खरं कारण तिलाही मी सांगितलं नव्हतं.

संपादकांनाही लिहिलं. दोन्ही उत्तरं खोटी होती असं स्पष्ट लिहिलं, आणि लेख परत पाठवायचा असेल तर पाठवा म्हणून कळवलं. महिनाभर मी पोस्टमनची वाट बघत होतो, आणि लेख परत यावा असंही अधूनमधून वाटत होतं. तो आला नाही. खरमरीत पत्र आलं, ते मी जपून ठेवलंय, आणि त्यांनी म्हटलं की चित्र दुरुस्त करून द्या आणि कुटुंबाला कधी सांगितलं त्याचा खरा महिना घाला. परवा छपाईची प्रूफं आली. त्यात लिहिलंय, की कुटुंबाला धोका समजावून सांगायला लेखकाकडून उशीर झाला, आणि लेखक हा मुलीच्या आईचा धाकटा भाऊ आहे. चित्र मी या वेळी सयाजीला नीट काढू दिलं नाही. त्याला म्हटलं, तो एक चौकोन वाकडाच ठेव, एक बाजू लांब. तो म्हणाला, "आता ह्यो कसला नवीन नियम?" मी म्हटलं, आहे असा नियम. संपादक तो सरळ करतील, त्याला इलाज नाही.

गंगूसाठी इथे मुक्या मुलांची शाळा आहे. खुणा, ओठांवरून बोलणं ओळखणं, शिवण, चित्रकला सगळं शिकवतात. मी जाऊन बघून आलो. ऐकू येण्याचं वचन तिथं कोणी देत नाही, तेव्हा मीही देत नाही. ती आमच्याकडे राहील असं मी म्हणणार नाही. ते तू म्हणायचं. माझ्या घरात तिच्यावर हात उठलाय, आणि ते ती विसरेल असं मला वाटत नाही.

पंचमी पंधरा दिवसांवर आली. पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला जातो. आप्पा-अव्वा गेल्यावर तुझं माहेर म्हणजे माझंच घर, आणि तीन पंचम्या मी आलो नाही. या वेळी येतो आहे, पंचमीआधीच्या शुक्रवारी, सकाळच्या गाडीनं. तू येशील म्हणून येत नाही. न्यायला यायचं असतं म्हणून येतो. नाही म्हणालीस तर उलट पावली परत जाईन, भांडणार नाही.

एवढंच मागतो. दारात मला बघून तांब्याभांडं घेऊन बाहेर येऊ नकोस. आत येऊ दे. माठ कुठे असतो ते मला माहीत आहे. पाणी माझं मी घेईन.

तुझा
शिवू